बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

मनुष्य घर बांधतो ते केवळ आपल्यासाठी, अशी त्याची समजूत असते. दप्तरात ते त्याच्या नावावर चढते, घरपट्टी तो भरतो, दारावरची पाटीही त्याच्याच नावाची असते. परंतु दिवे मालवून घर निजले, की त्याच छपराखाली दुसरा एक संसार जागा होतो. आढ्याशी काही सरसरते, कौलांवरून कोणी दमदार पावलांनी चालत जाते, भिंतीच्या भेगेत बारीक चिरचिर चालते आणि सकाळी माळ्यावर या रात्रीच्या वर्दळीच्या खुणा तेवढ्या मागे उरतात. केरळातील कौलारू घर असो, कोलकात्यातील जुना वाडा असो की दिल्लीतील सरकारी बंगला असो, हे बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू सर्वत्र आढळतात. त्यांच्याशी कसे वागावे हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. त्याच्या एका टोकाला मोडलेली झोप आहे हे खरे. परंतु दुसऱ्या टोकाला जीव आहे, कधी प्राण्याचा तर कधी घरातल्या माणसाचा.

आपल्या पूर्वजांनी हा शेजार गृहीतच धरला होता. गृहस्थाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. घरात शिजलेल्या अन्नातला थोडा भाग इतर जीवांसाठी काढून ठेवावा, असा त्याचा आशय. तथापि घास काढून ठेवणे निराळे आणि माळा तोडून देणे निराळे. सहानुभूती असावी, पण तिला व्यवस्थेची जोड हवी.

मुळात हे प्राणी माणसाच्या घरात का येतात? माणसाच्या सहवासाची ओढ म्हणून ते खचित येत नाहीत. त्यांच्या दृष्टीला घर हे घर म्हणून दिसतच नाही. पारव्याला इमारतीची भिंत म्हणजे डोंगराचा कडा वाटतो, कारण त्याचे पूर्वज कड्याकपारीतच राहत असत. पाकोळ्यांचेही तसेच. वटवाघळाला पोटमाळा ही गुहा वाटते. उदमांजराला आणि गव्हाणी घुबडाला छपराखालची पोकळी म्हणजे जुन्या झाडाची ढोली. सापाला जोत्यातले उंदराचे बीळ आणि वारुळाचे भोक यांत काहीच फरक दिसत नाही. ढोल्यांची जुनी झाडे तुटली, पडीक वाडे पाडले गेले, गावे रानात शिरली. मग या प्राण्यांनी, जे हरवले त्यासारखे जे दिसले, तेथे आसरा घेतला. यावरून एक व्यावहारिक सूत्र निघते. प्राणी तीन गोष्टींसाठी येतो: आसरा, अन्न आणि आत शिरण्याची वाट. यांपैकी एकही गोष्ट तोडली नाही आणि नुसता प्राणी हाकलला, तर रिकामी झालेली जागा दुसरा प्राणी भरून काढतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे चौकशी. बिऱ्हाडकरू कोण, हे ठरल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. प्राणी दिसला नाही, तरी तो आपली ओळख ठेवून जातो. माळ्यावर उंदराच्या लेंड्यांसारखे काही पडलेले असेल, तर ते काडीने दाबून पाहावे. चटकन भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकते कण दिसले, तर तेथे कीटकभक्षी वटवाघळे आहेत; उंदराची लेंडी अशी सहज चुरत नाही. लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची. कौलांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा असेल, तर संशय उदमांजरावर घ्यावा. आणि केसांचा व बारीक हाडांचा घट्ट गोळा सापडला, तर वर घुबड राहते असे खुशाल समजावे. कारण घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचणारा भाग गोळा करून तोंडावाटे टाकते. संशयित भोकासमोर रात्री थोडे पीठ भुरभुरून ठेवले, तर सकाळी पावलांचे ठसे मिळतात. पाळत ठेवण्याची ही रीत बिनखर्चाची आहे.

दुसरा प्रश्न असा, की या बिऱ्हाडकरूला काढण्याची खरोखर गरज आहे काय? पुष्कळदा उत्तर नकारार्थी येते. गव्हाणी घुबडाचेच उदाहरण घ्यावे. आपल्याकडे ते अपशकुनी मानतात. बंगालमध्ये मात्र तेच पांढरे घुबड लक्ष्मीचे वाहन म्हणून शुभ समजले जाते. शकुन बाजूला ठेवून हिशेब पाहिला, तरी उंदरांवर जगणारे हे जोडपे धान्याच्या कोठारापाशी असणे यजमानाच्या फायद्याचेच आहे. त्याची पिले रात्रभर फिसफिसतात, ही तक्रार खरी. पण अंड्यातून बाहेर आल्यावर सुमारे दोन महिन्यांत ती उडू लागतात आणि गलका आपोआप थांबतो. लहान वटवाघळांचा व्यवसाय रात्री किडे खाण्याचा. मराठीत काही ठिकाणी पाकोळी हा शब्द या लहान वटवाघळाला लावतात आणि काही ठिकाणी छताला पिसांचे घरटे करणाऱ्या त्या काळ्या, चपळ पक्ष्याला; नाव एकच आणि कामही एकच, फक्त पक्षी दिवसपाळीला असतो आणि वटवाघूळ रात्रपाळीला. इमारतींच्या उंच सज्जांना लोंबणारे आग्यामोहोळ हेही असेच. या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करतात आणि हंगाम संपला की पोळे सोडून जातात. जाण्यायेण्याच्या वाटेवर ते नसेल, तर काही आठवडे धीर धरणे हा मशालीने पोळे जाळण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग होय.

काढणेच भाग असेल, तर तिसरी गोष्ट काळाची. सर्वांत मोठी आणि सर्वांत निर्दय चूक येथेच घडते. प्राणी बाहेर गेल्याचे पाहून घरमालक घाईने भोक बुजवतो. आत पिले असतात. बाहेर राहिलेली आई रात्रभर कौले उचकते, फळी ओरबाडते. आतली पिले भुकेने मरतात आणि चार दिवसांनी सारे घर दुर्गंधीने भरून जाते. म्हणजे दया तर झाली नाहीच, सोयही झाली नाही. वटवाघळाचे पिलू जन्मानंतर काही आठवडे उडू शकत नाही आणि आई चरायला जाते तेव्हा ते छपराखालीच लोंबत राहते. म्हणून पिले उडू लागेपर्यंत थांबणे ही पहिली अट. त्यानंतर ज्या फटीतून वटवाघळे बाहेर पडतात, तिच्यावर बारीक विणीची जाळी वरून व दोन्ही बाजूंनी पक्की बसवून खालची बाजू मोकळी सोडावी. बाहेर पडणारे वटवाघूळ भिंतीवरून खाली सरकून जाळीखालून निसटते. परतताना मात्र ते थेट फटीपाशी उतरू पाहते आणि त्याला वाट सापडत नाही. हवा कोरडी असताना चारपाच रात्री अशी व्यवस्था ठेवली, की माळा रिकामा होतो. मग फट चुन्याने किंवा सिमेंटने बुजवावी. विष्ठा झाडण्यापूर्वी ती पाणी शिंपडून ओली करावी आणि तोंडानाकावर मुखपट्टी बांधावी. तिच्या कोरड्या धुळीतून फुप्फुसाचे विकार होऊ शकतात.

उदमांजराचीही रीत अशीच, केवळ साधने जरा भक्कम हवीत. मल्याळीत याला मरपट्टी, तमिळमध्ये मरनाय म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ झाडावरचा कुत्रा. बंगालीत ते भाम. माडाला बांधलेल्या मडक्यातली ताडी पिण्याच्या लौकिकामुळे इंग्रजांनी त्याला ताडीमांजर केले. कुत्रा आणि मांजर ही दोन्ही नावे चुकीची. तो स्वतंत्र कुळातला, फळे आणि उंदीर खाणारा निशाचर आहे. त्याच्या अंगाचा वास पुष्कळांना सुवासिक तांदळाच्या भातासारखा येतो, आणि मध्यरात्री माळ्यावर भाताचा दरवळ कोठून आला, या कोड्यावर कित्येक भुताच्या गोष्टी उभ्या राहिल्या असाव्यात. हा प्राणी अंधार पडल्यावर बाहेर जातो. भोकात कागदाचा सैल बोळा कोंबून ठेवावा. दोनतीन रात्री बोळा जागचा हलला नाही, आत पिलांचा आवाज नाही, अशी खात्री झाली, म्हणजे जाड तारेची जाळी खिळ्यांनी ठोकावी. छपराला टेकलेल्या फांद्या हातभर नव्हे, चांगल्या दोनतीन वाव मागे छाटाव्यात. रात्री पिकलेली फळे आणि उष्टे उघडे ठेवू नये. एवढे केले तर तो स्वतःच दुसरे झाड शोधतो.

अन्नाचा मुद्दा किती निर्णायक आहे, हे राजधानी दिल्लीने देशाला दाखवून दिले आहे. तेथील माकडे सरकारी कचेऱ्यांच्या सज्जांत, गच्च्यांवर आणि प्रसंगी खुद्द दालनांत वावरत आली आहेत. २००७ साली दिल्लीच्या उपमहापौरांना घराच्या गच्चीवर माकडांना हुसकताना तोल जाऊन प्राण गमवावे लागले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार माकडे पकडून शहराच्या दक्षिण सीमेवरील असोला भाटी अभयारण्यात सोडण्याचे काम सुरू झाले. माकडांना धाक म्हणून वानर बाळगण्याची पद्धतही तेथे होती; परंतु वानर हा संरक्षित प्राणी असल्यामुळे ती बंद करावी लागली. मग वानरांचा आवाज काढणारी माणसे नेमली गेली. त्यांची संख्या चाळीस असल्याचे २०१४ मध्ये संसदेत सांगण्यात आले. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय शिखर परिषदेच्या वेळी तर रस्त्यांवर वानरांची चित्रे उभी करण्यात आली. उपाय एकाहून एक कल्पक होते. पण मंगळवारी आणि शनिवारी मारुतीच्या नावाने माकडांना केळी व चणे वाटणारे हात थांबले नाहीत आणि उघड्या कचऱ्याचे ढीगही हटले नाहीत. एका हाताने बोलवावे आणि दुसऱ्याने हाकलावे, असा हा व्यवहार. ज्या आळीत कचरापेटीला झाकण आहे, पाण्याच्या टाकीला कडी आहे आणि माकडाला खाऊ घालणारा कोणी नाही, तेथे ते फार काळ रमत नाही.

पकडून दूर सोडणे हा उपाय लोकांना भूतदयेचा वाटतो. वास्तविक तो नेहमीच तसा नसतो. अनोळखी मुलखात सोडलेल्या प्राण्याला तेथील अन्नपाणी, शत्रू आणि आसरे ठाऊक नसतात. तो भटकतो, उपाशी राहतो किंवा पुन्हा वस्तीकडे वळतो. महाराष्ट्रात जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या रानात सोडण्यात येऊ लागले. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की या मोहिमेनंतर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी चारवरून सतरापर्यंत वाढली. बिबट्यासारखे मोठे श्वापद कधी खरोखरच घरात शिरते. अशा वेळी आतील माणसे सुखरूप बाहेर असल्यास दार बाहेरून लावून घ्यावे, गर्दी पांगवावी आणि वनखात्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. बिबट्यापेक्षा भोवतीचा जमावच अशा प्रसंगी अधिक अनर्थ ओढवतो, हे वनरक्षकांचे नेहमीचे दुखणे असते.

या सर्व बिऱ्हाडकरूंमध्ये ज्याच्याविषयी बोलताना विनोद आवरावा लागतो, तो साप. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८ हजार. यातील बहुतेक मृत्यू खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप त्यांतील बहुतांश दंशांना जबाबदार धरले जातात, आणि घराच्या दृष्टीने त्यांत मण्यार विशेष घातकी. ती रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणाशी येते आणि तिचा दंश इतका बारीक व वेदनारहित असतो, की पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि घरच्यांना कारण कळेपर्यंत श्वास मंदावलेला असतो. दिसायला तिच्यासारखाच वाटणारा कवड्या साप बिनविषारी असून पालींच्या मागे भिंतीवर चढतो. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट, कवड्याचे याच्या उलट, असे तज्ज्ञ सांगतात. परंतु कंदिलाच्या उजेडात ही परीक्षा कोणी जीवावर उदार होऊन करू नये.

यावरचे उपाय थोडे आणि साधे आहेत. शक्यतो खाटेवर निजावे. जमिनीवर निजावे लागले तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चोहोबाजूंनी खोचाव्यात. ही एक सवय मण्यारीच्या दंशापासून पुष्कळ रक्षण करते. सरपण, विटा व कौलांचे ढीग भिंतीला लागून रचू नयेत. मोरीच्या तोंडाला जाळी आणि दाराच्या खालच्या फटीला पट्टी बसवावी. धान्य झाकून ठेवावे, कारण जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे साप, ही साखळी अतूट आहे. कार्बोलिक आम्लाची फवारणी किंवा डांबराच्या गोळ्या यांवर विसंबू नये. साप दिसलाच तर त्याच्यावर नजर ठेवून दूर उभे राहावे आणि जाणत्या सर्पमित्राला अथवा वनखात्याला बोलवावे. काठी घेऊन पुढे सरसावणाराच बहुधा दंशाचा धनी होतो. आणि दंश झालाच, तर चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून दोरी बांधणे, मांत्रिकाकडे नेणे, यांत एक क्षणही दवडू नये. रोग्याला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयाची वाट धरावी. हे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होते आणि त्यासाठी लागणारे विष जिवंत सापांकडूनच घ्यावे लागते. तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या लोकांनी १९७८ साली स्थापन केलेली सहकारी संस्था हेच काम करीत आली आहे. साप मारून सर्पदंशाचा प्रश्न सुटत नाही, याचा याहून मार्मिक दाखला कोणता?

रोगाची भीती हा आणखी एक मुद्दा. ती अनाठायी नाही, पण तिला विवेकाचा लगाम हवा. २०१८ च्या मे महिन्यात केरळात निपाह विषाणूने १७ बळी घेतले. पहिला रोगी ज्या घरातला, तेथील विहिरीत वटवाघळे आढळली आणि सारा संशय त्यांच्यावर आला. तपासणीअंती ती कीटकभक्षी निघाली आणि त्यांच्यात विषाणू सापडला नाही. शास्त्रज्ञांचे लक्ष मग झाडांवर राहणाऱ्या मोठ्या फळभक्षी वटवाघळांकडे वळले. सारांश, प्राणी ओळखण्यापूर्वी शिक्षा ठोठावली, तर निरपराध्याला ती होते आणि खरे कारण तसेच राहते. अर्थात कोणत्याही सस्तन प्राण्याने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी अलर्काच्या लसीसाठी वैद्य गाठावा. वटवाघूळ वा माकड उघड्या हाताने धरू नये.

विषाविषयीही दोन शब्द. माळ्यावर विषारी आमिष ठेवले, की विष खाल्लेला उंदीर भिंतीच्या पोकळीत मरतो आणि त्याला काढता येत नाही. अथवा तो मंद होऊन बाहेर पडतो आणि घुबडाच्या तोंडी लागतो. मग उंदराबरोबर उंदरांचा वैरीही मरतो आणि वर्षभराने उंदीर पहिल्याहून अधिक होतात. गंधकाचा धूर कोंडून कौले काळी होतात, कधी घरही पेटते.

या विषयाला कायद्याची बाजूही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ पुष्कळ व्यापक केला आहे. ठार मारणे, विष घालणे, सापळ्यात धरणे, आमिष दाखवून पकडणे हे सारे त्यात येते. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांची अंडी वा घरटी बिघडवणेही त्यात मोडते. नाग, घोरपड, उदमांजर, घुबड हे या कायद्याच्या छत्राखाली येतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाच्या रक्षणासाठी सद्‌हेतूने केलेला प्रतिकार मात्र गुन्हा ठरत नाही. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०२३ च्या एप्रिलपासून ती अमलात आली. तीत उपद्रवी प्राण्यांची जुनी स्वतंत्र यादी रद्द झाली. घर आपले असले, तरी घरातला रानजीव आपली मालमत्ता होत नाही, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे.

घर बांधतानाच या गोष्टींचा विचार झाला, तर पुढचे बरेच कष्ट वाचतील. वाऱ्याच्या झरोक्यांना जाळी, वासे आणि भिंत यांच्या सांध्यात चुना, पन्हळीच्या तोंडाला टोपी, एवढाच खर्च. आणि ज्यांना आपण आत घेऊ इच्छित नाही, त्यांच्यासाठी बाहेर काही राखून ठेवावे: परसातले एक जुने, पोकळ झाड न तोडता उभे ठेवावे, वळचणीला चिमणीसाठी लाकडी खोके टांगावे, माणसाचा वावर नसलेल्या उंच कोपऱ्यातले पाकोळीचे घरटे तसेच राहू द्यावे. बिऱ्हाडकरूला घराबाहेर काढण्याचा अधिकार मालकाला असतो. परंतु चौकशी, पुरेशी मुदत आणि जाण्यासाठी मोकळी वाट, या तीन गोष्टी दिल्याशिवाय तो अधिकार वापरू नये. माणसांच्या व्यवहारात जो न्याय आपण मागतो, तो छपराखाली राहणाऱ्या मुक्या जीवांनाही लागू करण्यात घराचे काही उणे होणार नाही.